देवनारच्या बकरा बाजारात शेळीपालक गटासोबत

नुसते भाव विचारायचे असतील तर मुंबईत देवनारला जायची गरज नाही, फोनवरही काम भागतं. जायचं ते आपल्या गावातला सगळ्यात चांगला बोकड शेवटी कुठं पोचतो, हे डोळ्यांनी बघायला. शेळीपालकांच्या प्रत्येक गटानं एकदा तरी ही फेरी करावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या धाराशिवकडच्या गावात शेळ्या सांभाळतात त्या बहुतेक बाया. कुणाकडे तीन, कुणाकडे आठ. सगळ्यांनी मिळून पैदाशीचा बोकड निवडायचा असं गटात चाललं होतं, पण निवडायचा कशावरून, इथं प्रत्येक बैठक अडायची. मी मुंबईत राहतो, तेव्हा त्यांना बाजार दाखवायचं माझ्याकडे आलं.

मंडळी रात्रीच्या लातूर गाडीनं आली. दादरला उतरून धीम्या लोकलनं कुर्ला, तिथं हार्बर पकडून गोवंडी, आणि पुढं रिक्षा. ‘बकरा मंडी’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर सोडतो. देवनारचं पशुवधगृह महापालिकेचं, 1971 पासूनचं. एरवी शेळ्या-मेंढ्यांचा बाजार ठरावीक वारी भरतो. वार आधी विचारून घ्या आणि सकाळीच पोचा. बकरी ईदच्या तोंडावर लाखाच्या वर जनावर उतरतं, तेव्हा धड उभं राहायलाही जागा नसते. शिकायला जायचं तर ते दिवस टाळा. पायात बंद बूट हवेत. फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा. वधगृहाच्या आतल्या भागात जायचा हट्ट धरू नका, आपलं काम बाजाराच्या आवारातच आहे.

राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातला माल एका नजरेत ओळखू येतो. सिरोही, सोजत, लांब कानांचे उंच जमनापारी. त्यांच्यात आपला काळा उस्मानाबादी आखूड दिसतो खरा, पण लातूरकडच्या एका व्यापाऱ्याजवळ जो बोकड बांधला होता तो बघून आमच्या बाया थांबल्याच. रुंद छाती, सरळ पाठ, तुकतुकीत केस, कानांवर पांढरे ठिपके. गिऱ्हाइकानं अंगठ्यानं खालचा ओठ ओढून दात बघितले. पुढचे दोन पक्के दात आलेले. कुर्बानीसाठी वर्ष पुरं झालेलं लागतं आणि बाजारात त्याची खूण म्हणजे दोन दाती.

आमच्या मावशींनी व्यापाऱ्याला विचारलं, “भाऊ, ह्याची आय जुळी देती का?”

“मावशी, मी बोकड आणतो. त्याची आय नाय आणत,” तो म्हणाला.

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “म्हंजी ह्यो असाच जायचा, मागं एक करडू न ठेवता.”

बैठकीत अडलेली गोष्ट तिथं सुटली. सगळ्यात चांगला बोकड पैदाशीला ठेवायचा, तर आपण लहान शेळीवाले नेमकं उलटं करतो. जो बोकड सगळ्यात लवकर वाढतो त्याच्यावर व्यापाऱ्याची नजर आधी पडते, पैशाची नड असते, तो जातो. खच्ची केलेल्या बोकडाला चांगलं गिऱ्हाईक मिळतं, म्हणून कित्येक जण उमदं करडू तीन-चार महिन्यांचं असतानाच खच्ची करून टाकतात. मग शेळ्या फळवायला उरतो कोण? ज्याला कुणी घेतलं नाही तो. वर्षानुवर्षं असं चाललं की वाण खालावतं आणि आपण दोष चाऱ्याला देतो.

एक शेळी वर्षाला दोन-तीन करडं देईल, पण पंचवीस-तीस शेळ्यांवर सोडलेल्या एका बोकडाची वर्षभरात पन्नासच्या आसपास करडं गावात हिंडतात. म्हणून निवडीचा सगळा जोर बोकडावर हवा, आणि तो एकट्यादुकट्याचं काम नाही. पाच शेळ्यांत निवडणार काय? वस्तीच्या दोनशे शेळ्या एक कळप धरल्या तरच निवडीला अर्थ येतो. इथिओपियात मेंझ, होरो, बोंगा जातींच्या मेंढ्यांत 2009 च्या सुमारास हेच सुरू झालं. नरांची वजनं नोंदवायची, गावच्या समितीनं त्यातले निवडायचे आणि आळीपाळीनं कळपांत फिरवायचे. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उस्मानाबादी शेळ्यांच्या नोंदी थेट गावकऱ्यांच्या गोठ्यांत घेतल्या आहेत. तिथंही एक चक्कर मारावी.

दुपारी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात गेलो. 1886 सालचं हे कॉलेज, शेजारीच जनावरांचं जुनं मोठं इस्पितळ. कुर्ल्याला गाडी बदलून परळ सोपं पडतं.

आता गटानं काय करायचं ते. करडू जन्मलं की तारीख, आई, एकटं की जुळं, एवढं वहीत लिहा. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात ताणकाट्यावर वजन घ्या. पहिलं वजन होईपर्यंत एकही नर करडू विकू किंवा खच्ची करू नका, आमच्या मते हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. निवडलेल्या बोकडाच्या मालकाला बाजारभावाइतके पैसे गटाच्या फंडातून द्या, कारण त्याला तोटा झाला तर योजना पहिल्याच वर्षी मोडेल. वर्ष-सव्वा वर्षानं, त्याच्या पाटी, म्हणजे लेकी, माजावर येण्याआधी, बोकड दुसऱ्या वस्तीला द्या, नाहीतर बाप-लेकीचा संकर होतो. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे विकायच्या बोकडांचं गणित दीड-पावणेदोन वर्षं आधी मांडावं लागतं.

देवनारहून पैदाशीसाठी बोकड आणायचा मोह आवरा. उंचापुरा जमनापारी कोरडवाहू माणसाच्या दारात खुराक मागत बसतो, त्याची आई कोण हे कुणाला ठाऊक नसतं, आणि गर्दीच्या बाजारातून पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेगसारखा साथीचा रोग) किंवा देवीचा रोग सोबत येऊ शकतो. विकायला नेलेलं जनावर न विकता परत आणलंत तर तेही किमान तीन आठवडे वेगळं बांधा, त्याचं पाणी आणि चाऱ्याची पाटीसुद्धा वेगळी ठेवा. बायकांनी मात्र जरूर यावं. आवारात सगळे पुरुष दिसतील, पण आईला जुळी होतात का, हा प्रश्न त्या दिवशी मावशींशिवाय कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.