नेव्हिगेटर वारा कसा मोजायचा

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकॅस्टर बॉम्बरमध्ये नेव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग आखणारा, पडद्याआड, टेबलदिव्याखाली बसे. वारा नसता तर विमान जिथे असतं ते ठिकाण तो नकाशावर मांडे. ‘जी’ रेडिओयंत्रावरून खरं ठिकाण काढी. दोहोंतली तफावत म्हणजे वारा. नोंदी बहुधा दर सहा मिनिटांनी, कारण सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, गुणाकार सोपा. जर्मनीवर मात्र ‘जी’चे संकेत शत्रू दडपून टाकी.

२४ मार्च १९४४ ला बर्लिनवर हल्ल्याला जाताना उत्तरेचा वारा ताशी १०० मैलांपुढे गेला. काही अनुभवी नेव्हिगेटरांनी तो अचूक कळवला, पण मुख्यालयाने विश्वास न ठेवता आकडे घटवून सर्वांना प्रसारित केले. माझ्या मते त्या रात्रीची सर्वांत महागडी चूक हीच. विमानं दक्षिणेला वाहवली, परतताना अनेक रूहर या जर्मन औद्योगिक प्रदेशाच्या विमानविरोधी तोफांवर गेली. ८११ पैकी ७२ परतली नाहीत.