कुपीचा व्हिडिओ नव्हता

चैत्र-वैशाखात जिल्ह्यातल्या यात्रा सुरू झाल्या की आमच्या हॉस्पिटलकडे कुस्ती मैदानासाठी डॉक्टर मागणारी पत्रं येतात. मी नाशिकला कॅज्युअल्टीत असते, त्यामुळे ही ड्युटी बहुतेक माझ्याच गळ्यात पडते. निखळलेला खांदा, फुटलेली भुवई, रक्त साकळून सुजलेला कान. मैदानात एवढंच असतं. सिन्नरच्या बाजूच्या त्या मैदानातही दुपार कलेपर्यंत वेगळं काही नव्हतं.

शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीत वेळ संपली आणि निकाल गुणांवर गेला. हरलेला पोरगा विशी-बाविशीचा. पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला तसा हा धावून गेला, त्यांची कॉलर धरली आणि डोकं घातलं. ओठ फाटला. निम्मी माणसं सोडवायला धावली, निम्म्यांनी मोबाइल वर केले. हलगीवाल्याला काय झालं ते कळलंच नव्हतं, तो वाजवतच होता.

पंचांच्या ओठाला टाके घालतानाही माझं लक्ष त्या पोराकडे होतं. चौघांनी धरलेलं असूनही दात करकरा वाजत होते. आणि डोळे! भर उन्हात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या व्हायला हव्यात, त्याच्या टपोऱ्या झालेल्या. मग तो मातीतच बसला. नाडी १६०, बीपी २०० च्या वर, अंग भाजत होतं.

"ऊन लागलंय मॅडम, लिंबूपाणी देतो," वस्ताद म्हणाले.

त्यांची पाठ वळल्यावर तालमीतल्या एका पोरानं न बोलता किटबॅगची चेन उघडली. लंगोट आणि टॉवेलच्या खाली इन्सुलिनच्या सिरिंजा आणि दहा मिलीची एक कुपी होती. तिच्या रबरी बुचाला पार चाळणीसारखी भोकं पडलेली. लेबलवर मेफेंटरमीन.

हे औषध मला ऑपरेशन थिएटरमुळे माहीत. पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी धाडकन खाली येतं, तेव्हा भूलतज्ज्ञ ते मोजून, मॉनिटरवर नजर ठेवून देतात. शरीरातलं नॉरॲड्रेनॅलिन मोकळं होतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात पळतं. निरोगी पोराला टोचलं तर दम लागल्याचं कळत नाही. दम लागलेला असतोच, फक्त त्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या बंदी यादीत ते आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण जिमवाल्या पोरांना ते कुठे मिळतं हे ठाऊक असतं.

ॲम्ब्युलन्समध्ये वस्ताद सोबत बसले. मी कुपी दाखवल्यावर म्हणाले, "हे स्टेरॉइड नाही मॅडम, नुसतं दम टिकायला." स्टेरॉइड म्हटलं की लोकांना बेन जॉन्सन आठवतो. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडल्यामुळे त्याचं सुवर्ण काढून घेतलं. तिथे पदकच गेलं. मी वस्तादांना दुसरी गोष्ट सांगितली. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू मोंट व्हेंटूच्या चढावर ऐन उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन सापडलं. मेफेंटरमीन त्याच कुळातलं. वस्ताद मग नाशिक येईपर्यंत बोलले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये शांत करणारं लोराझेपाम, सलाइन, अंगावर गार पाण्याचे टॉवेल. नाडी उतरवायला बीटा ब्लॉकर द्यायचा हात शिवशिवतो, पण अशा पेशंटला नुसता तोच दिला तर बीपी आणखी भडकू शकतं, म्हणून तो टाळला. ईसीजीत वेग सोडून वावगं काही नव्हतं. रात्री नाडी शंभरच्या आत आली.

तोवर रील गावभर झालं होतं. ढोलाचं म्युझिक आणि वर 'अन्याय सहन करणार नाही'. एका न्यूज पोर्टलच्या वार्ताहराचा फोन आला. पंचांना टाके किती, पोलीस केस झाली का, पोरगा कुठल्या तालमीचा? मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, पेशंटबद्दल मी बोलणार नाही, पण मैदानावर पोरं काय टोचून उतरतात ते एकदा शोधा.

"त्याचा व्हिडिओ आहे का मॅडम?"

नव्हता. बातमी लागली ती डोकं घातल्याचीच.

औषधानं माणूस मारका होतो, असं मी सरसकट म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत मल्लानं पंचांना लाथ मारली. त्यात उत्तेजकाचं नाव मी तरी ऐकलं नाही. तिथे त्याच्यासह दोघा मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. ती लाथ या तालमीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. २०२० च्या जानेवारीत आपल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरनं केसरी जिंकल्यावर हरवलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर घेतलं होतं. मी पोरांना विचारलं, तो व्हिडिओ आहे का? एकाकडेही नव्हता.

रात्री वस्तादांनी विनंती केली, कागदावर औषधाचं नाव नको, उन्हाचा झटका लिहा. मी मेडिकोलीगल केस नोंदवली, कुपी सीलबंद करून पोलिसांच्या ताब्यात दिली आणि नाव पूर्ण लिहिलं. यावरून हॉस्पिटलमध्येही थोडी कुरबुर झाली. असो.

पोराचे वडील निफाडकडचे, कांदा-सोयाबीनवाले. मध्यरात्री आले. मी सगळं समजावल्यावर बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "दोन म्हशी घेतल्या हो याच्यासाठी. बदाम, तूप, काही कमी पडू दिलं नाही. मग हे कशाला लागलं?" वस्ताद तिथेच उभे होते. उत्तर त्यांनी द्यायला हवं होतं, त्यांनी पाणी आणतो म्हणून काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर पोरगा उठून बसलेला, मऊ आवाजात बोलत होता. पंचांची माफी मागायची म्हणाला आणि मला ते खरं वाटलं. वडील चहा आणायला खाली गेल्यावर त्यानं दाराकडे बघून घेतलं.

"मॅडम, पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. हे लघवीत किती दिवस दिसतं?"

"वडील आले की त्यांच्यासमोर विचार," मी म्हटलं.

"राहू द्या," तो म्हणाला आणि उशीखालचा मोबाइल काढून टाइप करायला लागला.