आमची वाटचाल : फुली मारून गेलेल्यांची सेशन्स

आमचं 'निरोप' हे सॉफ्टवेअर सर्व्हरवर उघडी राहिलेली सेशन्स बंद करतं. सेशन म्हणजे एखाद्याने लॉगिन केल्यापासून सर्व्हरवर चालू असलेलं त्याचं काम. हे सॉफ्टवेअर कसं घडलं त्याची ही गोष्ट. २०१० मध्ये मी आणि माझ्या मावसभावाने कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गाळ्यात सर्व्हर, म्हणजे ऑफिसात सगळ्यांनी मिळून वापरायचे कॉम्प्युटर, सांभाळायचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकं म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने), मशीनशॉप आणि दोन-चार सीए. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ठरलेली. फोन आला की गाडीला किक मारायची.

निम्मे फोन एकाच तक्रारीचे असायचे : "सर्व्हर आत घेत नाही." तेव्हा बहुतेकांकडे विंडोज सर्व्हर २००३ होता. जास्तीची लायसन्स घेतलेली नसली तर त्यावर रिमोटने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, दोघांनाच जागा. लोक काम संपलं की वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून मोकळे व्हायचे. फुलीने आपल्यासमोरची खिडकी बंद होते, सर्व्हरवरचं सेशन बंद होत नाही. ते तिथे 'डिसकनेक्टेड' म्हणून बसून राहतं. उघडलेले प्रोग्रॅम चालू, फाइली अडकलेल्या, आणि दोनातली एक जागा गेली. दोघे असे गेले की तिसरा बाहेर.

मग मी जाऊन सर्व्हरसमोर बसायचो, 'क्यूविनस्टा' कमांड द्यायचो, यादीतून अडकलेल्या सेशनचा नंबर घ्यायचो, 'लॉगऑफ' आणि पुढे तो नंबर. दोन मिनिटांचं काम आणि जाण्यायेण्यात तास. २०११ च्या पावसाळ्यात एकाच दिवशी शिरोलीला तीनदा जावं लागलं. त्या रात्री भिजलेला रेनकोट दाराला अडकवला आणि पहिली बॅच फाइल, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी, लिहिली : रोज रात्री दहाला जेवढी सेशन्स डिसकनेक्टेड असतील तेवढी बंद कर. आमचं सॉफ्टवेअर तिथून सुरू झालं. पुढची पाच-सहा वर्षं ते निमूट चाललं, आमचे हेलपाटे वाचले, गिऱ्हाइकं वाढली. त्या काळाबद्दल याहून सांगण्यासारखं फार नाही.

सांगण्यासारखं आहे ते २०१७ चं. जीएसटी १ जुलैला लागू झाला आणि सगळ्या अकाउंटंट मंडळींच्या रात्री लांबल्या. एका कारखान्याच्या अकाउंटंट ताई घरून सर्व्हरवर बसून खरेदीची बिलं चढवत होत्या. साडेनऊला त्यांच्या गल्लीतली लाइट गेली. राउटर बंद, कनेक्शन तुटलं. सर्व्हरवर त्यांचं सेशन मात्र जसंच्या तसं उभं होतं, अर्धवट भरलेल्या एंट्रीसकट. लाइट आली की त्याच जागेवरून पुढे सुरू करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सव्वादहाला लाइट आली. दहाला आमच्या प्रोग्रॅमने ते सेशन बंद करून टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी बिलांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, मी गेले नव्हते हो. लाइट गेली होती. एकदा विचारायचं तरी."

त्या वाक्यावर मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होतो. डिसकनेक्टेड ही अवस्था मुळात अशाच वेळेसाठी ठेवलेली आहे : तार तुटली तरी माणसाचं काम जागेवर राहावं. फुली मारून गेलेला आणि लाइट गेलेला, दोघेही सर्व्हरला सारखेच दिसतात. फरक फक्त त्या माणसाला माहीत असतो. म्हणजे त्यालाच विचारायला हवं, आणि त्याच्यासमोर स्क्रीन नसल्यामुळे विचारायचं तर फोनवर.

आम्ही जुनी फाइल बाजूला ठेवली आणि नवं लिहायला घेतलं. आता बंद करण्याआधी वापरणाऱ्याच्या मोबाइलवर मराठीत मेसेज जातो : तुमचं सेशन उघडं आहे, वीस मिनिटांत बंद होईल, काम राहिलं असेल तर 'थांबा' असं उत्तर द्या. उत्तर आलं की दोन तास हात लावायचा नाही. नावही तेव्हाच ठेवलं, 'निरोप'. आपल्याकडे निरोप धाडतातही आणि निरोप देतातही, दोन्ही कामं एकाच शब्दात बसली.

उलटी अडचणही होती. काही सेशन्स 'अ‍ॅक्टिव्ह' दिसायची आणि पलीकडे कुणीच नसायचं. लाइन मध्येच तुटली तर कधीकधी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. दुसऱ्या टोकाला कुणी आहे का, हे टीसीपी (दोन कॉम्प्युटरमधलं कनेक्शन सांभाळणारी नियमावली) स्वतःहून तपासतं खरं, पण तो पर्याय चालू असला तर, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन तास शांतता गेल्यावर. म्हणून 'निरोप' यादीत नावापुढे 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय एवढ्यावर विसंबत नाही, कीबोर्डला किती वेळ हात लागलेला नाही तेही बघतो.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि आठवड्याभरात आमच्या गिऱ्हाइकांची सगळी ऑफिसं घरातून चालू झाली. त्यात एक गोष्ट नव्याने ठळक झाली. नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बदलला की तो बाहेर गेला, असं मालकांना वाटतं. तसं होत नाही. आधीच उघडलेलं सेशन पासवर्ड बदलल्याने तुटत नाही, ते वेगळं बंद करावं लागतं. आता मालकांसाठी एक बटण आहे : एखाद्याचं नाव निवडायचं, त्याची सगळ्या सर्व्हरवरची सेशन्स समोर येतात, तिथूनच बंद करायची. इथे मात्र वीस मिनिटांची सवलत नाही.

आज आम्ही सहा जण आहोत. सध्या डोकं चाललंय ते फौंड्रीवाल्यांच्या कामावर. साच्यात धातू कसा भरेल, कुठे पोकळी राहील, याचं सिम्युलेशन ते संध्याकाळी लावतात आणि मुद्दाम डिसकनेक्ट होऊन घरी जातात. ते रात्रभर चालतं. झोपलेल्या माणसाला मेसेज पाठवून उपयोग नाही. म्हणून सेशनमधला प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते मोजून, काम चालू असेल तर ते सेशन बंद करायच्या यादीतून वगळायचं, असं करून बघतोय. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत गेले तीन आठवडे चाचणी चालू आहे. एकदा सिम्युलेशन पहाटे डिस्कवर मोठी फाइल लिहीत असताना प्रोसेसर शांत झाला आणि ते सेशन बंद व्हायच्या यादीत गेलं. मावसभाऊ रात्रपाळीला तिथेच बसला होता म्हणून वाचलं. आता डिस्कचंही मोजमाप घालतोय.