बाईंनी करायला लावलेली यादी

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले. पत्रात "शाळेच्या आठवणी" एवढंच म्हटलं आहे. इमारत, प्रार्थनेची घंटा, स्नेहसंमेलनं, तो लांब व्हरांडा यांवर इतर जण लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं "बाई" म्हटलं की कोण, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

माझी ख्रिस्तावरची श्रद्धा मला कुणी दिली असं विचारलं तर प्रभूनं दिली असंच मी सांगेन. पण त्याच्याकडे जायची वाट मोकळी करून दिली ती बाईंनी, आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, नव्हे. हे वाक्य संपादकांनी गाळू नये अशी विनंती आहे. त्याशिवाय बाईंचं ऋण सांगताच येत नाही.

मी ख्रिस्ती घरातच जन्मले. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, रविवारच्या शाळेत वचनं पाठ केली, बक्षिसं मिळवली. मी हायस्कुलात गेले तेव्हा आमच्या मंडळीत मालमत्तेवरून दोन तट पडले होते. सही कुणाची चालणार, भाडं कुणी गोळा करायचं, यावरून कोर्टात दावे लागले. प्रभुभोजनाला एकाच मेजाशी येणारी माणसं बाहेर पडल्यावर एकमेकांकडे बघत नसत. सोयरिकीच्या वेळी बाप्तिस्म्याच्या आधीची जात निघायची ती निघायचीच. त्यातच माझी आजी वारली. ती तरुणपणीच विधवा झालेली, आणि तिचा अर्पणाचा रविवार एकदाही चुकलेला नव्हता. आमचं घर "त्या बाजूचं" धरलं गेल्यामुळे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तिच्या अंत्यविधीला यायचं नाकारलं. माझ्या काकांनी स्वतः शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचला आणि आजीला माती दिली.

त्यानंतरच्या नीतिशिक्षणाच्या तासाला मी उभी राहिले आणि विचारलं, "बाई, ही जर प्रभूची माणसं, तर प्रभू कसा असेल?"

दुसरं कुणी असतं तर मला बसवलं असतं, किंवा माणसं चुकतात पण देव चुकत नाही, असं काही सांगून धडा पुढे नेला असता. बाईंनी उत्तरच दिलं नाही; बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, एक वाचायला सांगितलं. म्हणाल्या, "मार्कचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत लहान आहे. सोळा अध्याय, एका बैठकीत होतात. सगळं सलग वाच. आणि प्रभूला राग कुणाकुणाचा आला, त्याची यादी कर. सोमवारी वही दाखव."

मी वाचलं. तोवर मी शास्त्र तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, म्हणजे उपासनेत नेमून दिलेला भाग आणि त्यावरचा उपदेश. सलग वाचताना तो निराळाच कुणी दिसायला लागला. तिसऱ्या अध्यायात सभास्थानात हात वाळलेला माणूस आहे. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी प्रभू त्याला बरं करतो की काय, म्हणून लोक टपून बसलेले आहेत, आणि प्रभू त्यांच्याकडे रागानं बघतो. त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःख झालं, हेही तिथेच लिहिलं आहे. दहाव्यात शिष्य लेकरांना अडवतात, तेव्हा तो आपल्या शिष्यांवरच रागावतो. अकराव्यात मंदिरातल्या सराफांचे चौरंग पालथे करतो. माझ्या यादीत जकातदार नव्हता, व्यभिचारी नव्हता, कुष्ठरोगी नव्हता. रविवारी व्याख्यानपीठावरून ज्यांच्याबद्दल आम्हांला सावध केलं जाई, त्यातलं जवळजवळ कुणीच नव्हतं. बहुतेक सगळी धर्माच्या आतली माणसं होती.

सोमवारी बाईंनी वही घेतली आणि लाल शाईनं समासात दोन प्रश्न लिहून परत दिली. पहिला: "अंजिराचं झाड आणि मंदिर एकात एक का गुंफलं आहे?" दुसरा: "दोन टोल्यांच्या आधी काय आणि नंतर काय, ते बघ."

पहिल्याचं उत्तर मला लगेच सापडलं. आधी पानांनी भरलेलं पण फळ नसलेलं झाड, ज्याला प्रभू शाप देतो, मग मंदिर, मग मुळापासून वाळलेलं तेच झाड. मार्क झाडाची गोष्ट मधेच थांबवतो, मंदिराची सांगून टाकतो आणि पुन्हा झाडाकडे येतो. झाडाला काय झालं ते मंदिराबद्दलच वाचायचं आहे.

दुसऱ्या प्रश्नानं मात्र मला अक्षरशः हलवलं. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन अगदी हलक्या नाण्यांची, गोष्ट कुणाला माहीत नाही? प्रत्येक अर्पणाच्या रविवारी ती वाचली जाते, आणि असं द्यावं, हातचं राखून देऊ नये, असं सांगितलं जातं. बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधीच्या वचनांत प्रभू शास्त्र्यांपासून, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांपासून, सांभाळा म्हणतो. त्यांना लांब झगे आवडतात, पुढची आसनं आवडतात; ते लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. लगेच विधवा येते आणि मंदिराच्या पेटीत आपली सगळी उपजीविका टाकते. मग तेरावा अध्याय उघडतो. शिष्य मंदिराचे प्रचंड चिरे दाखवतात आणि प्रभू म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. अध्यायांचे आकडे पुष्कळ शतकांनी घातले गेले. ते काढले की हे तिन्ही एकाच दमात आहे. तिनं सर्वांहून जास्त टाकलं, असं तो म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण तिच्यावर ती वेळ आणणाऱ्या पेटीबद्दल तो गप्प बसलेला नाही.

ते वाचताना मला आजी दिसत होती. तिच्या बाजूचं कुणीतरी आहे, आणि ते मंडळीच्या कमिटीत नसून शुभवर्तमानात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेनं मला दिलेल्या सगळ्या गोष्टी एकीकडे आणि लाल शाईतली ती एक ओळ एकीकडे ठेवली, तर मी ती ओळ घेईन.

बाईंनी वही परत देताना एक गोष्ट बजावली होती. ही यादी यहुदी लोकांकडे बोट दाखवण्यासाठी नाही. प्रभू स्वतः यहुदी, त्याचे शिष्य यहुदी; आपल्याच लोकांवर संदेष्टे रागावत तसा तो रागावला. "शास्त्री लिहिलं असेल तिथे आपल्यातल्या कुणाचं तरी पद घाल आणि वाच," असं त्या म्हणाल्या. त्याचं मोल मला मोठेपणी उमगलं. धर्मसुधारणेचा जनक म्हणून ज्याच्याबद्दल आम्ही अभिमानानं ऐकत आलो, त्या मार्टिन ल्यूथरनं 1543 साली यहुद्यांविरुद्ध अत्यंत विखारी लिहिलं. 1933 साली जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट प्रादेशिक मंडळीच्या सिनडनं, म्हणजे धर्मसभेनं, यहुदी वंशाच्या पाळकांना पदावर ठेवायचं नाही असा ठराव केला. त्याच देशात डीट्रिख बोनहोफर नावाचा तरुण पाळक त्याविरुद्ध उभा राहिला आणि 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेला. दोघांच्याही हातात हेच शास्त्र होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीनं 1857 साली काहींच्या "दुर्बलतेमुळे" गोऱ्या-काळ्यांच्या उपासना वेगळ्या करायला मुभा दिली. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं 1845 मध्ये लिहून ठेवलं की त्या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकावर प्रेम करायचं तर दुसऱ्याचा द्वेष करावाच लागतो. आपल्या देशात कितीतरी ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही जातीची भिंत आहे. हे सगळं मी पुढे वाचलं, आणि त्यानं माझी श्रद्धा ढळली नाही, कारण यादी मी नववीतच केलेली होती.

बाईंनी मला रमाबाईही दिल्या. पाठ्यपुस्तकात पंडिता रमाबाई म्हणजे शारदा सदन आणि मुक्ती मिशन. बाईंनी सांगितलेल्या रमाबाई प्रश्न विचारणाऱ्या होत्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मठातल्या ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचे मतभेद सुरू झाले. चर्च सांगतं म्हणून अमुक मानायचं, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती कुठे सुटले, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही, असं त्यांनी पत्रात स्वच्छ कळवलं. ज्यांच्या छपराखाली राहायचं त्यांनाच असं लिहायला काय लागत असेल! पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला बरीच वर्षं जावी लागली. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत शास्त्र आणण्यात घालवली, बायकांना स्वतः वाचता यावं म्हणून. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही बाई सांगत. 1917 साली मिशनची नोकरी सोडून ते बाहेर पडले आणि त्यांनी देवाचा दरबार उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. "बाहेर पडलेला माणूस प्रभूपासून लांब गेला असं समजू नका," हे बाईंनी वर्गात उघड सांगितलं होतं, तेही व्यवस्थापनातली माणसं देवळाच्या पहिल्या बाकावर बसत असताना.

विश्वास मात्र त्या सोमवारी आला नाही. वहीतून विश्वास येत नसतो. कॉलेजात गेल्यावर मी देवळात जायचं सोडलं, आणि ते मला आजही बरोबरच वाटतं. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा रात्री त्यांच्या उशाशी मी पुन्हा मार्क वाचायला लागले. नवव्या अध्यायात फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप आहे. मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा, असं तो ओरडून म्हणतो, आणि प्रभू त्याला आधी विश्वास पुरा करून ये असं सांगत नाही. माझ्या तोंडून तेच शब्द निघाले. माझी स्वतःची म्हणता येईल अशी ती पहिली प्रार्थना. वडील बरे झाले नाहीत. पण मी ज्याच्याशी बोलत होते तो ऐकत होता, याबद्दल मला त्या रात्रीनंतर शंका आलेली नाही. पंधराव्या अध्यायात मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो आणि "हा खरोखर देवाचा पुत्र होता" हे शब्द येतात ते एका रोमी शताधिपतीच्या, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याच्या, तोंडून, म्हणजे ज्याला त्या मंदिरात आत पाऊल टाकता आलं नसतं अशा माणसाच्या तोंडून. हे वचन मी लहानपणी कितीदा म्हणून दाखवलं असेल, पण ते माझं झालं ते तेव्हा.

मी पुढे सनदी लेखापाल झाले. स्वतःची फर्म आहे, आणि धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासणं हे आता माझं मुख्य काम आहे. एका धार्मिक न्यासाच्या वह्यांत विधवांसाठी राखलेल्या निधीतून इमारतीची रंगरंगोटी झालेली आढळली तेव्हा मी अहवालात तसं लिहिलं. शेरा सौम्य करा, असं मला आडून सुचवलं गेलं. मी केला नाही, आणि ते काम माझ्याकडून गेलं. बाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बारावा अध्याय." आणि मग तब्येतीची चौकशी सुरू केली.

एका बाबतीत आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. बाई देवळात जात राहिल्या. ज्यांनी त्यांना सभेत गप्प बसवलं, त्यांच्याच मागच्या बाकावर त्या दर रविवारी बसत. मी विचारलं तेव्हा त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून दाखवला. प्रभू आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात गेला, असं तिथे आहे; जिथून त्याला हुसकावून गावाच्या कड्यापर्यंत नेलं तेच हे सभास्थान. "तो गेला होता," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, त्यानंतर तो त्या गावात फारसा राहिलाही नाही. त्या हसल्या, पण त्यांनी माझं म्हणणं मानलं नाही, मीही त्यांचं मानलं नाही. आज मी नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार सोडला तर देवळात जात नाही. दर गुरुवारी घरी काही जण जमतात, शास्त्र सलग वाचतात आणि प्रार्थना करतात. त्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या मंडळीकडून दुखावलेले आहेत. तिथे कुणी अध्यक्ष नाही, आणि पैशाची पेटी नाही.

नीतिशिक्षणाचा तास आता वेळापत्रकात आहे, पण परीक्षेच्या दिवसांत तो इतर विषयांना दिला जातो, असं भाच्याकडून कळलं. जेव्हा होतो तेव्हा मुलं छापील प्रश्नांची छापील उत्तरं लिहितात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. देवाबद्दलचा खरा प्रश्न मुलाला पडतो तो तेरा-चौदाव्या वर्षीच, आणि तो विचारायला घरी कुणी नसतं, देवळात तर नसतंच. शाळेत एक माणूस असलं तरी पुरतं. शाळेनं तो तास परत द्यावा आणि अशा शिक्षकाला द्यावा ज्याला उत्तर द्यायची घाई नाही.

बाईंनी अशा याद्या माझ्यासारख्या अनेकांकडून करून घेतल्या. कुणाला राग, कुणाला प्रभूनं विचारलेले प्रश्न, तर कुणाला तो कुणाकुणाच्या घरी जेवला ते. ज्यांच्याकडे त्या वह्या अजून असतील त्यांनी महोत्सवाच्या आधी कार्यालयात आणून द्याव्यात, म्हणजे एकत्र बांधून ग्रंथालयात ठेवता येतील. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे आणि बांधणीचा खर्च मी करणार आहे. माझी वही मी गेल्या आठवड्यात दिली. समासातली शाई पुसट झाली आहे, म्हणून ते दोन प्रश्न मी पहिल्या पानावर पुन्हा लिहून दिले आहेत. उत्तरं लिहिलेली नाहीत.