आमची वाटचाल : एका प्रश्नाला एक दिवस

गोदामांतील मालसाठ्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करणारी आमची कंपनी लहान आहे. ग्राहकांशी बोलणे, उत्पादनाची आखणी आणि अंतिम चाचणी ही कामे आम्ही स्वतःकडे ठेवली असून प्रत्यक्ष प्रोग्रामिंगचा मोठा भाग गेली कित्येक वर्षे दुसऱ्या खंडातील एका ऑफशोअर टीमकडे आहे. ही टीम निवडताना आम्ही ताशी दर पाहिला, त्यांचे आधीचे काम पाहिले आणि गोपनीयतेची कलमे वकिलाकडून तपासून घेतली. पुढच्या वाटचालीत मात्र आमचे वेळापत्रक, खर्च आणि उत्पादनाचा दर्जा यांवर सर्वांत जास्त परिणाम झाला तो आम्ही त्यांच्याशी कसे बोलतो, आणि त्याहूनही अधिक कसे लिहितो, याचा.

आमचा दिवस सुरू होतो तेव्हा त्यांचा संपत आलेला असतो. दोन्हीकडची माणसे एकाच वेळी कामावर असतात असा काळ दिवसाकाठी जेमतेम दोन तासांचा आहे. शेजारी बसलेल्या डेव्हलपरला शंका आली तर तो मान वळवून विचारतो आणि लगेच पुढे जातो. दूरच्या डेव्हलपरला तीच शंका त्याच्या सकाळी आली तर उत्तर मिळेपर्यंत त्याचा दिवस गेलेला असतो, आणि त्या उत्तरातून नवी शंका निघाली तर दुसराही दिवस जातो. त्याच्यापुढे मग थांबून राहणे किंवा अंदाज बांधून काम पुढे नेणे एवढेच मार्ग उरतात. कामाची आस्था असलेला माणूस सहसा थांबत नाही, त्यामुळे चुकीच्या अंदाजाचा सगळा दोष त्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. एका प्रश्नाला एक दिवस लागतो हा हिशेब एकदा मान्य केल्यावर, प्रश्न पडण्याआधीच उत्तर लिहून ठेवणे हे आमचे मुख्य काम झाले.

उदाहरणाने हे नीट कळेल. ‘ग्राहकाने परत केलेला माल साठ्यात जमा व्हावा’ हे वाक्य गोदामात वावरलेल्या कोणालाही पुरेसे वाटेल. परंतु जो गोदामात कधी गेलेला नाही त्याच्यासाठी त्यात अनेक प्रश्न दडलेले असतात. माल दारात आल्यावर जमा धरायचा की तपासणी झाल्यावर? फुटलेल्या नगांचे काय करायचे? मुदतीची तारीख असलेला माल मूळच्याच बॅचमध्ये परत न्यायचा की नवी बॅच करायची? विक्रीपेक्षा जास्त नग परत आल्याची नोंद कोणी केली तर ती नाकारायची की सूचना देऊन स्वीकारायची? आता आम्ही अशी मागणी वाक्यात न लिहिता आकड्यांच्या प्रसंगांत लिहितो. पन्नास नग विकले गेले, बारा परत आले, त्यांपैकी तीन फुटलेले निघाले. तपासणी पूर्ण झाल्यावर विक्रीयोग्य साठा नऊने वाढला पाहिजे, तीन नग खराब मालाच्या खात्यात दिसले पाहिजेत आणि तपासणी होईपर्यंत बाराही नग वेगळे दिसले पाहिजेत. डेव्हलपर याच प्रसंगांवरून कोड लिहितो आणि चाचणी करणाराही तेच प्रसंग तपासतो, त्यामुळे ‘आम्हाला असे म्हणायचे नव्हते’ या वादाला जागा उरत नाही. मागणीमागचे कारणही आम्ही दोन ओळींत लिहितो, कारण कोणत्याही यादीत न बसणारा प्रसंग पुढे येतोच, आणि हेतू माहीत असलेला माणूस तेव्हा बरोबर निर्णय घेण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

संख्यांच्या बाबतीत आम्ही विशेष काटेकोर झालो. आमचे काही ग्राहक वजन पौंडांत मोजतात, काही किलोग्रॅममध्ये, त्यामुळे नुसते ‘वजन’ असे नाव असलेला रकाना आमच्याकडे मंजूर होत नाही. एकक रकान्याच्या नावातच असावे लागते. हा आग्रह किती मोलाचा आहे हे १९९९ साली अमेरिकेच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाच्या बाबतीत जगाने पाहिले आहे. यान बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरमधून आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत येत होते, मार्गनियंत्रण करणारी टीम ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालली होती, आणि मंगळाच्या वातावरणात प्रमाणाबाहेर खोल शिरून ते यान नष्ट झाले. दोन्हीकडे निष्णात अभियंते होते. तारखांचेही तसेच आहे : ०३/०४ ही तारीख अमेरिकेत चार मार्च असते आणि युरोपात बहुतेक ठिकाणी तीन एप्रिल, म्हणून आमच्या प्रत्येक कागदात ती आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहिली जाते.

लिखाणाइतकाच विचार आम्हाला होकाराचा करावा लागला. कॉलवर ‘समजले का?’ असे विचारले की ‘हो’ असेच उत्तर येते. ज्याने काम दिले त्याला पुन्हा विचारणे हा उद्धटपणा ठरेल, किंवा आपली अक्षमता उघडी पडेल, असे वाटणारी माणसे सर्वत्र असतात. शिवाय परक्या भाषेत, परक्या उच्चारांत झालेले बोलणे त्या क्षणी खरोखरच समजल्यासारखे वाटते. म्हणून आम्ही तो प्रश्न विचारणे थांबवले. विमानवाहतुकीत नियंत्रकाने दिलेली उंची किंवा धावपट्टीची परवानगी वैमानिक परत उच्चारून दाखवतो आणि नियंत्रक ती ऐकून चूक असल्यास तिथेच दुरुस्त करतो. तोच प्रघात आम्ही आणला : काम हाती घेणारा डेव्हलपर सुरुवात करण्याआधी आपण काय करणार आहोत, कशाला हात लावणार नाही आणि कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत हे चार-सहा ओळींत लिहून पाठवतो. ‘गृहीत’ या शीर्षकाखालच्या ओळी मी स्वतः वाचतो, कारण पुढचे बहुतेक घोटाळे तिथे आधीच दिसतात आणि तिथे एका ओळीच्या उत्तराने मिटतात. यात त्यांची परीक्षा घेण्याचा भाव येऊ नये म्हणून उलट दिशेनेही हेच चालते. त्यांनी सुचवलेला बदल आम्ही आमच्या शब्दांत लिहून परत पाठवतो आणि चुकीचे समजलो असल्यास दुरुस्त करा असे स्पष्ट सांगतो.

आरंभी सगळा संवाद त्यांच्याकडील समन्वयकामार्फत होत असे, आणि बहुतेक पुरवठादार हीच व्यवस्था पसंत करतात. पैसे, मनुष्यबळ आणि मुदती यांसाठी ती चांगली आहे. तांत्रिक बाबतीत मात्र मध्ये एक माणूस आला की डेव्हलपरची शंका सौम्य होऊन आमच्यापर्यंत पोहोचते आणि आमचे उत्तर आखूड होऊन त्याच्यापर्यंत. आम्ही करारातच अशी तरतूद करून घेतली की प्रत्येक कामाची चर्चा त्या कामाच्या टिकेटवर, म्हणजे त्या कामासाठी संगणकावर उघडलेल्या सामाईक नोंदीवर, सर्वांना दिसेल अशी आणि थेट डेव्हलपरशी होईल. खासगी चॅटमध्ये झालेला निर्णय टिकेटवर लिहिला जाईपर्यंत निर्णय मानला जात नाही. त्याच ठिकाणी नाकारलेले पर्याय आणि ते नाकारण्याची कारणे नोंदवण्याची सवय मला फार महत्त्वाची वाटते, कारण टीममधला माणूस बदलला की तोच पर्याय नव्या उत्साहाने पुन्हा पुढे येतो.

घड्याळाचा प्रश्न वरवर क्षुल्लक, पण त्रास देणारा आहे. टीमच्या देशात घड्याळ वर्षभर एकच असते. अमेरिकेतील ग्राहकांचे बहुतांशी २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपातील ग्राहकांचे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्यामुळे वर्षातून दोनदा असे काही आठवडे येतात की कोणाच्याही डोक्यातला फरक बरोबर नसतो. आम्ही बैठकीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, ठरवतो आणि गैरसोयीची वेळ आलटून पालटून दोन्हीकडे वाटून घेतो. रात्रीची जागरणे नेहमी एकाच बाजूने करावीत हे मला मान्य नाही. चांद्र पंचांगानुसार येणाऱ्या सुट्ट्या दरवर्षी सरकतात, म्हणून दोन्हीकडच्या सुट्ट्यांचे सामाईक कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीला तयार होते आणि ते पाहिल्याशिवाय ग्राहकाला तारीख दिली जात नाही.

साधनांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. व्हिडिओ कॉल, टिकेटांची प्रणाली आणि स्क्रीनचे रेकॉर्डिंग यांवर आमचे भागते. बग कळवताना काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि कोणत्या आवृत्तीत, या चार गोष्टी रेकॉर्डिंगसह एकाच संदेशात द्याव्यात, एवढा दंडक मात्र आहे. प्रगती विचारताना आम्ही टक्के विचारत नाही. दर आठवड्याला त्या सामाईक दोन तासांत चालू स्थितीतले सॉफ्टवेअर डेव्हलपर स्वतः दाखवतो, त्यात नसलेले काम झालेले धरले जात नाही, आणि अडलेले काम दाखवणाऱ्याला त्याबद्दल दूषण दिले जात नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत जपावासा वाटतो. पहिली वाईट बातमी सांगणाऱ्याशी आपण कसे वागलो हे पाहूनच बाकीचे सगळे पुढच्या वेळी बोलायचे की नाही ते ठरवतात.

या सगळ्याला वेळ लागतो आणि तो वेळ हिशेबात धरावा लागतो. आमच्याकडील एका सहकारी बाईंचे निम्मे काम आता मागण्या आणि प्रसंग लिहिणे हेच आहे. टीमने वाचण्यात, शंका लिहिण्यात आणि ‘गृहीत’ मांडण्यात घालवलेल्या तासांचेही आम्ही पूर्ण दराने पैसे देतो, कारण ते तास बिनपगारी ठेवले की त्यांत प्रथम कपात होते ती प्रश्नांची. अलीकडे परत आलेल्या मालाच्या नव्या मागणीवर त्यांनी आम्ही न लिहिलेले दोन प्रसंग स्वतःहून जोडून पाठवले : एकाच नगाचा दोनदा परतावा, आणि बंद झालेल्या गोदामाकडे आलेला माल. दोन्ही आम्ही जसेच्या तसे स्वीकारले.