दिल्ली ते बागडोगरा: डावीकडच्या खिडकीसाठी

दिल्लीहून पश्चिम बंगालच्या उत्तर भागातल्या बागडोगऱ्याला जाणारे विमान पूर्वेकडे जाते आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला राहतो. त्यामुळे जाताना ‘ए’ आणि परतताना ‘एफ’ अक्षराची जागा घ्यायची, हे ठरवायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. पंखाच्या पुढची रांग हवी होती, कारण या मार्गावर शिखरे खाली नव्हे तर क्षितिजाच्या रेषेवर दिसतात आणि पंखाचे टोकही नेमके तिथेच आडवे येते. नोव्हेंबर महिना, सकाळचे विमान, जादा पैसे भरून आईसाठी घेतलेली ६ए आणि माझ्यासाठी ६बी, एवढी तयारी करून मी निश्चिंत झाले होते.

प्रवासाच्या तीन दिवस आधी संदेश आला की एअरबसऐवजी बोइंग ७३७ येणार असून आम्हाला ११ए आणि ११बी या जागा दिल्या आहेत. बाजू डावीच होती, म्हणून मी तो संदेश जवळजवळ सोडूनच दिला होता. पण ७३७ मध्ये थंड हवेची नळी पोटातून छताकडे भिंतीच्या आतून जाते, आणि त्यामुळे डावीकडे, पंखाच्या थोडे पुढे, एका रांगेला खिडकीच नसते. तिचा क्रमांक कंपनीगणिक बदलतो. प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे शोधली, तेव्हा या कंपनीच्या विमानात ११एच्या शेजारी सपाट भिंत असल्याचे दिसले.

मी ग्राहक सेवेला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच मिळाले: “मॅडम, सिस्टीममध्ये ती विंडो सीटच दाखवते आहे.” भिंतीकडेची जागा आणि खिडकी असलेली जागा यांत फरक आहे, हे मी प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगत होते आणि प्रत्येक वेळी तक्रारीचा नवा क्रमांक मिळत होता. दिल्लीच्या काउंटरवर “गेटवर विचारा” असे सांगण्यात आले, तर गेटवर “थोडं थांबा” म्हणून चाळीस मिनिटे उभे केले. आई दोनदा म्हणाली, “जाऊ दे गं, बसू कुठेही.” मला ते जाऊ द्यायचे नव्हते, तिने आयुष्यात एकदाही हिमशिखर पाहिले नव्हते आणि त्यासाठीच मी पैसे भरले होते. बोर्डिंग संपत आले तेव्हा एका कर्मचारी मुलीने स्वतःहून आराखडा उघडला, दोन प्रवासी आले नसल्याचे पाहिले आणि आम्हाला २४ए व २४बी दिल्या. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानले.

पंखामागच्या जागेचा एक दोष आहे: पुढच्या दिशेने पाहिले तर इंजिनच्या गरम झोतामुळे दृश्य थरथरते. सरळ बाजूला पाहिले की ते स्वच्छ दिसते. उतरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात ल्होत्से-नुप्त्से शिखरांच्या भिंतीमागून डोके काढलेला एव्हरेस्टचा काळसर त्रिकोण आणि त्याच्या उजवीकडे मकालू दिसला, आणि शेवटी ८,५८६ मीटरचे कांचनजंगा. आईने कपाळ काचेला टेकवले होते आणि ती काहीच बोलत नव्हती.

आधीच सांगायला हवे होते ते असे की विमान बदलल्याचा संदेश आला तर त्याच दिवशी नव्या विमानाचा आसन-आराखडा तपासावा आणि जुन्या जागेच्या पावतीचे छायाचित्र जपून ठेवावे. नोव्हेंबर निवडण्याचे कारण म्हणजे या ऋतूत सूर्य दक्षिणेकडे असतो. डावीकडच्या खिडकीत त्याची तिरीप येत नाही आणि शिखरांवर समोरून प्रकाश पडतो. बागडोगरा हा हवाई दलाचा तळ असल्यामुळे उतरल्यावर छायाचित्रे काढता येत नाहीत, तेव्हा काय टिपायचे ते वरच टिपावे. ६एसाठी भरलेले जादा पैसे मात्र मला अजून परत मिळालेले नाहीत. चौथी तक्रार मी काल नोंदवली.