व्हिएन्ना आणि मोत्झार्टची ताई

शनिवार, रात्री उशिरा

व्हिएन्ना मुळात आमच्या लिस्टमध्ये नव्हतंच. बहीण म्युनिकला असते, मे महिन्यात मुलांना घेऊन तिच्याकडे जायचं एवढंच ठरलेलं, पण तिथून ट्रेनने चार तासांत व्हिएन्ना येतं म्हटल्यावर नवऱ्याने लगेच बुकिंग करून टाकलं, आणि सासूबाई म्हणाल्या मी काय मागे राहून तिची भांडी घासू का, मग आम्ही पाचजण आणि एक छोटा कुकर असे सगळे इथे येऊन पडलोय. कुकरवरून नवरा चिडला होता. काल रात्री खिचडी त्यानेच दोनदा घेतली, असो.

छोटू मेट्रोच्या नकाशावर जाम खूश आहे. स्टेशनला गेटबिट काही नाही, तिकीट मशिनमध्ये एकदा पंच करायचं आणि चालायला लागायचं. त्याने पहिल्याच दिवशी शोध लावला की लाइनी यू१, यू२, यू३, यू४ आणि मग एकदम यू६. पाचवी कुठाय? बाबा म्हणाले बांधतायत. मग सहावी आधी कशी बांधली, मी चार झाल्यावर सहा म्हणालो तर तुम्ही मला ओरडता ना. बाबांकडे उत्तर नव्हतं.

आज शोनब्रुन राजवाडा केला. तिकिटं महाग आहेत आणि चौदाशेच्या वर खोल्यांपैकी थोड्याच दाखवतात, ते बरंच आहे म्हणा, कारण पाचव्या खोलीनंतर सोनेरी नक्षी बघून छोटू जमिनीवर बसायला लागला. कानाला ऑडिओ गाइड लावून फिरायचं, सासूबाईंना इंग्रजी भराभर कळत नाही म्हणून लेक त्यांना मराठीत सांगत होती. इथली राणी मारिया थेरेसा, तिला सोळा मुलं. "सोळा? आणि राज्य कधी केलं हिने?" चाळीस वर्षं केलं आजी, 1740 ते 1780. त्यातली कितीतरी लहानपणी गेली, काही देवीच्या साथीत, ती स्वतःही देवीतून मरता मरता वाचली आणि मग 1768 मध्ये तिने आपल्याच मुलांना देवी टोचून घेतल्या. सासूबाईंच्या दंडावर तो गोल व्रण अजून आहे, तो त्यांनी तिथल्या तिथे बाही वर करून नातीला दाखवला. मागच्या जपानी ग्रुपला वाटलं असेल हा पण टूरचाच भाग.

आणि मग आरशांची खोली आली. पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झालेल्या मोत्झार्टने सहा वर्षांचा असताना 1762 च्या ऑक्टोबरमध्ये इथे या राजवाड्यात येऊन राणीसमोर वाजवलं, वाजवून झाल्यावर उडी मारून थेट तिच्या मांडीवर जाऊन बसला आणि पापे घेतले, असं त्याच्या वडिलांनीच पत्रात लिहून ठेवलंय. छोटूही सहाचा. त्यामुळे लगेच, मी पण बसलो असतो. लेक म्हणाली तुला वाजवता काय येतं, शिट्टी? (ती स्वतः तीन वर्षं कीबोर्ड शिकतेय, तो भाव होताच.)

बाहेर बाकावर सँडविच खाताना मी सहज फोनवर वाचून दाखवलं की तो एकटा नव्हता आला, बरोबर मोठी बहीण पण होती, मारिया आना, घरात नानर्ल म्हणायचे, आणि तीही त्याच्यासारखीच वाजवायची. तेव्हा ती अकराची होती. लेक पण अकराची. ती खायची थांबली. राणीने दोघांना भारी कपडे पाठवले होते, भावाला राजपुत्रासाठी शिवलेले आणि हिला राजकन्येचा ड्रेस, ते ऐकून जरा बरं वाटलं तिला. मग पुढे काय झालं तिचं, वाजवणं सोडलं का?

सासूबाई संत्रं सोलत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "लग्नाचं वय झालं असेल."

मी अजून वाचलंही नव्हतं तिथवर. पण अगदी तसंच झालेलं. अठराची झाल्यावर तिचे दौरे बंद, 1769 मध्ये वडील भावाला घेऊन इटलीला गेले आणि ही आईबरोबर घरी. शिकवण्या केल्या. तेहतिसाव्या वर्षी लग्न, नवरा तिजवर, पाच मुलांचा. गाणीही रचायची, भावाने 1770 मध्ये रोमहून पत्रात तिच्या एका गाण्याचं अगदी तोंड भरून कौतुक केलंय, पण तिने रचलेलं आज एकही शिल्लक नाही. सासूबाईंनी संत्र्याच्या फोडी वाटल्या, पहिली नातीला दिली. एरवी पहिली छोटूची असते.

दुपारी प्राणिसंग्रहालय, राजवाड्याच्या आवारातच आहे, 1752 पासून चालू आहे म्हणजे जगातलं सगळ्यात जुनं. छोटूचा दिवस तिथे सार्थकी लागला.

रविवार

रविवारी इथे दुकानं बंद! बहिणीने सांगितलं होतं, पण आपल्या डोक्यात ते शिरत नाही. मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं म्हणून नवरा सकाळी दुधासाठी मेट्रोने गेला. पाणी मात्र नळाचंच पितोय सगळे, थेट आल्प्सच्या झऱ्यांचं, 1873 पासून पाइपलाइनने येतं आणि फ्रिजमधल्यासारखं गार. सासूबाईंचं गरम पाण्याचं व्रत मोडलं त्याने.

नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियमला एकोणीसच्या आतल्या मुलांना तिकीटच नाही, हे मला फार आवडलं. तिथला डायनासोर मान हलवून गुरगुरतो. छोटू बाबांच्या मागे. बाहेर चौकात मारिया थेरेसाचा प्रचंड पुतळा आहे, आणि खाली चौथऱ्यावर तिच्या काळातली मोठी माणसं कोरलीयत, त्यात ग्लुक आणि हायडन हे संगीतकार आणि एक छोटं पोर, म्हणजे मोत्झार्ट. लेकीने चारही बाजूंनी फेरी मारली. मग म्हणाली, नाहीये. कोण ते मी विचारलंच नाही.

मग हाउस डर मुझिक, म्हणजे संगीताचं म्युझियम. सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात वसूल तिकीट. एका खोलीत मोठ्या पडद्यावर व्हिएन्ना फिलहार्मोनिक, म्हणजे इथला मोठा वाद्यवृंद, बसलेली असते आणि आपण हातात काठी घेऊन त्यांना वाजवायला लावायचं, काठी जोरात हलवली की ते धावत सुटतात, हळू केली की रेंगाळतात, आणि फारच गडबड केली तर वाजवणं थांबवून पडद्यातूनच आपल्याला चक्क बोलतात. छोटूने तलवार फिरवल्यासारखी फिरवली, दहा सेकंदांत बोलणी खाल्ली. बाबांनी पण खाल्ली. लेकीने ओठ दाताखाली धरून, खांदा अजिबात न हलवता फक्त मनगटाने, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं ब्लू डॅन्यूब नावाचं वॉल्ट्झ शेवटपर्यंत नेलं. मध्ये एकदा घसरत होतं, तिने सावरलं. पडद्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सासूबाईंनी त्यांच्यापेक्षा मोठ्याने. मागे रांग होती, तरी ती परत रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. आम्हीही थांबलो, जाणार कुठे.

संध्याकाळी काइझरश्मार्न खाल्लं, जाड गोड धिरडं तव्यातच फाडून वर पिठीसाखर आणि बाजूला आंबटगोड प्लमचा गर. एका प्लेटवर पाच चमचे तुटून पडले. दुसरी मागवावी लागली.

मुक्कामी परतताना स्टेशनात खाऊ घ्यायला थांबलो तर चॉकलेटच्या प्रत्येक डब्यावर मोत्झार्टचा फोटो. लेक म्हणाली हे घ्यायचं नाही. छोटू म्हणाला घ्यायचंच. शेवटी आजींनी गुलाबी पाकिटातली वेफर्स सगळ्यांसाठी घेतली आणि छोटूला एक सुटी मोत्झार्ट गोळी. त्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली ताईला दिली. ती तिने खाल्ली, चॉकलेट चांगलं होतं म्हणाली.

उद्या सकाळची गाडी आहे आणि कुकर अजून घासायचाय.